चंद्रव्वाची मूठ

बसलिंगप्पाची आणि माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या खाणावळीतली सुरी बोथट झाली म्हणून धार लावायला त्याच्याकडे दिली, तर या माणसाने माझ्यादेखत, मला न विचारता हातोडी उचलली आणि सुरीची लाल प्लॅस्टिकची मूठ फोडून टाकली. नवी कोरी मूठ! मी तोंड सोडलं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत माझ्या तोंडाला सगळे वचकून असतात, यात खोटं काही नाही. बाईमाणसाने वीस वर्षं खाणावळ चालवायची तर तोंड लागतंच. बसलिंगप्पाने सगळं ऐकून घेतलं आणि उघडं पडलेलं पातं माझ्यासमोर धरलं.

"बघा अक्का, पात्याची शेपटी केवढी हाय? बोटाच्या एका पेराएवढी. एवढ्यावर तुमी रोज धा किलो कांदा चिरताय. भोपळा फोडताना मूठ तुटली असती तर पातं कुटं गेलं असतं?"

कुठे गेलं असतं ते त्याने माझ्या तळहातावर बोट टेकवून दाखवलं. माझा आवाज जरा खाली आला. मग त्याने कोपऱ्यातल्या मडक्यातून ओल्या चिकणमातीचा गोळा काढला आणि माझ्या हातात दिला.

"धरा. कांदा चिरताना धरता तशी. लाजू नका, दाबा."

मी दाबला, काहीसा त्याच्यावरचा राग काढत. माझ्या चारी बोटांचे खड्डे त्या गोळ्यात उमटले. त्याने तो उन्हाकडे धरून पाहिला आणि म्हणाला, "तुमचं मधलं बोट लई जोर करतंय. करंगळी नुसती बसून खाती." चाळिशी उलटलेल्या बाईला कुणी असं सांगतं का? पण खरं होतं.

बसलिंगप्पा मूळचा होटगीचा. बाप सुतार. हा मात्र सोलापुरात येऊन एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात लागला, आणि तिथे काम काय, तर सुऱ्या-चाकूंच्या प्लॅस्टिकच्या मुठी ओतायच्या. नऊ वर्षं ओतल्या. सगळ्या एका मापाच्या. पात्याची शेपटी आत किती जाते हे त्याला माहीत होतं, आणि ती मूठ कुणाच्या घरी जाते हेही. एक दिवस त्याने ते काम सोडलं, बापाची हत्यारं होटगीहून आणली आणि पेठेत घराच्या पुढच्या खोलीत बसला. तेव्हापासून समोर येईल ती प्लॅस्टिकची मूठ फोडायची आणि लाकडाची बसवायची, एवढंच त्याने केलं. फोडलेल्या मुठी तो जाळत नसे, फेकतही नसे. जाळल्या तर धूर, फेकल्या तर गाईच्या पोटात. चार पोती भरून मागच्या बोळात उभी होती. चंद्रव्वा, म्हणजे त्याची बायको, म्हणायची की आमच्या घरात धान्यापेक्षा मुठीच जास्त.

त्याचं काम सावकाश. आधी पात्याला वेल्डिंगवाल्याकडून लांब शेपटी जोडून आणायची. लाकूड बाभळीच्या गाभ्याचं, नाहीतर बोरीचं, आणि तेही दोन पावसाळे माळ्यावर वाळलेलं. दोन म्हणजे दोन. आमदाराच्या घरून माणूस आला तरी ओल्या लाकडाला तो कानस लावत नसे. शेपटी तापवून लाकडात उतरवायची, राळ ओतायची, पितळेचे दोन रिबिट ठोकायचे आणि शेवटी करडईचं तेल पाजायचं. आणि मूठ ज्या हाताची, त्या हाताच्या मापाची. ते माप म्हणजे मातीचे गोळे. तीन भिंतींना फळ्या ठोकून त्यावर त्याने ते वाळवून मांडले होते, खाली खिळ्याने नाव आणि वर्ष कोरून. आमच्या पेठेतल्या चारशे-साडेचारशे बायांचे उजवे हात त्या खोलीत होते. कित्येक बाया मरून गेल्या, त्यांचे हात अजून फळीवर आहेत.

दर तीन वर्षांनी तो गोळा नव्याने घ्यायला लावी. जुनं माप चालत नाही म्हणे. "हात बदलतो अक्का. बाळंतपणात सुजतो, साखरेच्या आजारात वाळतो." माझे यजमान गेले त्या वर्षी मी सुरी धार लावायला नेली, तर त्याने आधी गोळा पुढे केला. मी दाबला. त्याने पाहिलं आणि तोंडावर सांगितलं, "हात सैल पडलाय तुमचा. जेवत न्हाय का?" मी खरंच जेवत नव्हते. घरच्यांना, गिऱ्हाइकांना, कुणाला कळलं नव्हतं ते याला मातीवरून कळलं. त्याने मला बारीक मूठ करून दिली आणि वर्षाने पुन्हा जाड. हातांच्या बाबतीत तो माणूस कुणाची भीड ठेवत नसे.

फळीवरचा पहिला गोळा चंद्रव्वाचा. लग्नाच्या वर्षी घेतलेला. त्यावरून त्याने केलेली बाभळीची मूठ म्हणजे त्याचा अभिमान. चांगली भरदार, वजनदार, हातात घेतली की मनगट आपोआप सरळ व्हावं अशी. नवं गिऱ्हाईक आलं की तो आतून ती सुरी मागवायचा. "ही आमच्या मंडळींची. अठ्ठावीस वर्षं झाली. हलली न्हाय." चंद्रव्वा दारात उभी राहून पदर तोंडाला लावायची.

मी एकदा विचारलं, "काय रे बसलिंगप्पा, साऱ्या गावाला तीन-तीन वर्षांनी माती दाबायला लावतोस. हिचा गोळा कधी बदलला नाहीस तो?"

"हिचा हात मला पाठ हाय की," तो म्हणाला.

चंद्रव्वा लाजली. आणि खरं सांगते, मला हेवा वाटला. माझा हात कुणाला पाठ नव्हता.

ही चंद्रव्वा रोज सकाळी माझ्याकडे भाजी चिरायला यायची. बाभळीच्या मुठीची आपली सुरी पिशवीतून आणायची, परत न्यायची. बारीक अंगाची, हळू बोलणारी, निम्मं मराठी निम्मं कानडी. पण चिरायला बसली की तिच्या हाताकडे पाहत राहावं. कांदा असा पडायचा की एक फोड दुसरीहून वेगळी काढता येऊ नये. माझ्या खाणावळीचं नाव माझ्या आमटीमुळे झालं असं मी सगळ्यांना सांगते. निम्मं तिच्या हातामुळे झालं.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर मला फरक दिसायला लागला. सुरी मधेच खाली ठेवायची, हात झटकायची. मुंग्या येतात म्हणायची. एके दिवशी सुरी तीनदा हातातून सुटली. मी म्हटलं, "नवऱ्याला सांग. इतक्या जणींच्या मुठी करतो, तुझी बघायला काय झालं?" ती नको नको म्हणत होती. मीच तिला धरून त्याच्या दुकानात नेलं.

"आवं," ती म्हणाली, "ही मूठ जड झालीया."

बसलिंगप्पाने सुरी हातात घेतली. तळव्यावर तोलली, रिबिट चाचपले, रेघ गेलीय का ते पाहिलं. मग हसला. पहिल्या गोळ्याच्या बुडाशी त्याने तेव्हा मूठ बसवलेल्या सुरीचं वजनही कोरून ठेवलं होतं. त्याने सुरी काट्यावर ठेवली आणि आम्हाला दाखवलं. अठ्ठावीस वर्षांत ती सहा ग्रॅमने हलकी झाली होती.

"बघ. लाकूड वाळतं तसं हलकं हुतं, चंद्रव्वा. जड कसं हुईल?"

ती ओशाळली. "तसंच वाटलं असंल मला," म्हणाली. त्याने मुठीला नवं तेल चोळलं आणि सुरी तिच्या पिशवीत ठेवली. मीही हसले तेव्हा. लाकडाबद्दल तो चुकत नसे, काटाही खोटं बोलत नव्हता, आणि आम्हा तिघांपैकी एकालाही त्या दिवशी मातीच्या मडक्याकडे बघावंसं वाटलं नाही. दुसऱ्या कुठल्याही बाईने येऊन मूठ जड झाली असं सांगितलं असतं, तर त्याने आधी गोळाच पुढे केला असता.

पुढे जे झालं ते माझं पाप. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत मी तिच्यासाठी एक सुरी घेतली. पिवळ्या प्लॅस्टिकच्या मुठीची, पिसासारखी हलकी. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे ठेवली. तिने हात मागे घेतला.

"नगं अक्का. त्येंनी बघितलं तर?"

"इथं कोण बघतंय? इथंच वापर, इथंच ठेव. त्याची ती सुरी पिशवीत घालून येत जा नि जात जा."

"गिऱ्हाइकांम्होरं माजी मूठ दाखवत्यात वो ते," ती म्हणाली. "मीच प्लॅस्टिक धरलं तर त्येंचं काय राहील?"

पण तिने ती सुरी धरली. हलकी होती ना. प्लॅस्टिक हातातून निसटायचं म्हणून तिने जुन्या इरकल लुगड्याची पट्टी फाडून मुठीला घट्ट गुंडाळली आणि टाका घातला. काम पुन्हा सुरू झालं. दुपारी ती सुरी धुऊन ज्वारीच्या डब्यामागे ठेवायची. घरी चिरायची वेळच येऊ नये म्हणून माझ्याकडची भाजी मीच तिला डब्यात भरून द्यायची. आम्हा दोघींना त्यात जरा मजाही वाटायची, शाळेतल्या पोरी काहीतरी लपवतात तशी.

पाच-सहा महिन्यांनी ती म्हणाली, मूठ हातात राहत नाही, बारीक वाटते. तिने आणखी एक पट्टी गुंडाळली. मग आणखी एक, अशा करत पाच झाल्या. ती मूठ बघता बघता मनगटाएवढी जाड झाली. माझ्या डोळ्यांसमोर झाली. मी काय केलं? मी म्हटलं, "अगं, सुरी आहे का लाटणं?" आणि आम्ही हसलो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

गेल्या श्रावणातली गोष्ट. चंद्रव्वा कोथिंबीर चिरत होती, मी चुलीशी होते. वळून पाहिलं तर पाटावरची कोथिंबीर लाल. तिच्या डाव्या हाताचं बोट सुरीखाली आलं होतं आणि ती चिरतच होती. मी ओरडले तेव्हा थांबली. खाली बघितलं, पाटाकडे, मग माझ्याकडे.

"ह्ये कुणाचं हाय अक्का?" तिने विचारलं.

तिला काही जाणवलंच नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात मानेचा फोटो काढला, मशीनमध्ये घातलं. डॉक्टर तरुण होता, पण समजावून बोलणारा. मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दाबला गेला आहे, म्हणाला. दोन वर्षांपूर्वी, निदान दीड वर्षापूर्वी आणलं असतं, तर हात बराचसा वाचला असता. आता ऑपरेशन करायचं ते पाय वाचवण्यासाठी. उजवा हात येणार नाही, डावाही बधिर राहील.

"घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" त्याने विचारलं. "हातातून वस्तू पडत असतील. पकड कमी झाली असेल."

"न्हाय साहेब," बसलिंगप्पा म्हणाला. "तिच्या हातनं काय पडलं असतं तर मला कळलं असतं. मी हातांचंच काम करतो." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. अक्का, सांगा की, अशा नजरेने.

वीस वर्षं चाललेलं माझं तोंड तिथे चालेना. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसवून मी त्याला सगळं सांगितलं. जत्रा, पिवळी सुरी, ज्वारीचा डबा. मला वाटलं, हा आता मला बोल लावील. लावायला हवा होता, मला बरं वाटलं असतं. त्याने स्वतःचा पंजा उलटा-सुलटा करून पाहिला.

"ती सुरी हाय का अजून?" एवढंच त्याने विचारलं.

दुपारी तो माझ्या स्वयंपाकघरात आला. मी डब्यामागून सुरी काढून दिली. तो चंद्रव्वाच्या पाटाजवळ खाली बसला आणि वरच्या पट्टीचा टाका त्याने दातांनी तोडला. पट्टी उलगडली, जमिनीवर सरळ पसरली. त्यावर हळदीचे, भेंडीच्या चिकाचे, कांद्याचे डाग होते. तो बोट ठेवून ते वाचत होता.

"ह्यो नुसता आंगठा. आणि ह्यो तळवा. बोटंच न्हाईत ह्येच्यावर. नुसत्या तळव्यानं दाबून चिरत हुती ती."

दुसरी पट्टी काढली. "हितं एक बोट हाय. आंगठ्याजवळचं."

तिसरी. "दोन. मधलं जोर लावतंय, पण दमलंय."

चौथी. "तीन. करंगळी गेली हितं."

शेवटची पट्टी, अगदी आतली, पहिल्या जानेवारीतली. ती त्याने उलगडली. त्यावर चार डाग होते. चौथा फिका, पण होता. चारी बोटं होती तिथे. त्याने ती पट्टी तळहातावर घेतली, त्या डागांवर आपली बोटं ठेवली, आणि त्याचा चेहरा असा झाला की मी तोंड फिरवलं.

"मी काटा दाखवला तिला," तो म्हणाला. "अक्का, तिनं सांगितलं मला, आणि मी काटा दाखवला."

तो रडला. मीही रडले. मी सहसा रडत नाही. पिवळी मूठ पाटावर तशीच पडली होती, धुतलेली, स्वच्छ. हातोडी त्याच्या पिशवीत होती, पण त्याने तिला हात लावला नाही. त्या पाच पट्ट्या मात्र घडी करून खिशात घातल्या.

ऑपरेशन झालं. पाय वाचले म्हणायचे. भिंतीला धरून ती चालते. लेक भुवनेश्वरी अक्कलकोटहून महिनाभर येऊन राहिली आणि तिच्या संसाराला परत गेली. आता बसलिंगप्पाच भाकरी थापतो, जाड नि वाकड्या. चंद्रव्वाला भरवतो, तिची वेणी घालतो. दुकानात फुटक्या मुठींच्या सुऱ्या पडून आहेत. गिऱ्हाईक आलं की म्हणतो, नंतर या. मी रोज दुपारी डबा घेऊन जाते. मला पाहिलं की चंद्रव्वाच मला विचारते, जेवलात का अक्का. तिने मला एका शब्दाने कधी बोल लावला नाही, त्यानेही नाही. पेठेत कुणाशी भांडायचं झालं तर हल्ली मला शब्द सुचत नाहीत.

परवा मी गेले तेव्हा तो मडक्याजवळ बसून माती मळत होता. किती महिन्यांनी. होटगीला जाऊन तळ्याची ताजी माती आणली होती. छान मऊ गोळा केला आणि आत आला. चंद्रव्वा गळ्याला पट्टा लावून भिंतीला टेकून बसली होती. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"धर, चंद्रव्वा."

"मला कशाला आता?"

"हात बदलला की तुजा. नवी मूठ करायची हाय. पांगाऱ्याची. लई हलकं लाकूड असतं ते. मागंच करायला पायजे हुती."

तिच्या डोळ्यांत एकदम उजेड आला. तिने मान हलवली. त्याने तिचा उजवा हात उचलून मांडीवर उताणा ठेवला, गोळा तळव्यावर ठेवला आणि आपला हात काढून घेतला.

चंद्रव्वाने डोळे मिटले. ओठ घट्ट आवळले. गळ्याची शीर ताठ झाली, कपाळावर घाम आला. सगळं अंग त्या गोळ्याला धरत होतं. बोटं मात्र होती तिथेच, उताणी, अर्धवट वळलेली. मला बघवेना आणि उठूनही जाता येईना.

"धरली की," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच. "बघा आता. उमटली का?"

त्याने गोळा उचलला. जसा ठेवला तसा होता, गोल, गुळगुळीत. त्यावर एक ओरखडाही नव्हता. तो दाराच्या उजेडाकडे वळला, सगळ्यांचे बघतो तसा त्याने तो गोळा फिरवून फिरवून पाहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. या माणसाने माझा नवरा गेला त्या वर्षी मला तोंडावर सांगितलं होतं, तुमचा हात सैल पडलाय. हाताबद्दल खोटं बोललेलं मी त्याला एवढ्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

"उमटली की," तो म्हणाला. "चारी बोटं. लई घट्ट धरलीस."

ती डोळे उघडून हसली. तिच्याकडे पाठ ठेवूनच त्याने खिळा घेऊन गोळ्याच्या बुडाशी नाव कोरलं, वर्ष कोरलं आणि तो बाहेर नेऊन फळीवर पहिल्या गोळ्याशेजारी ठेवला. ठेवताना जरा त्याच्या आड सरकवला. आतून दिसू नये असा.

"कवा हुईल मूठ?" चंद्रव्वाने आतून विचारलं.

"लाकूड वाळाय पायजे ना," तो फळीकडे तोंड करूनच म्हणाला. "दोन पावसाळे."

"हुईल की मग," ती म्हणाली. "तवर हाय तीच वापरती."